चोपडा ते मालदीव : कमी पैशात खाऱ्या पाण्यातली फ्लाय फिशिंग (प्रकल्प नोंदी)

१२ जुलै २०२५

तिकीट काढून टाकलं. मुंबई-माले-मुंबई, १९ ऑगस्टला जायचं, २५ ला परत. जाऊन-येऊन १७,९०० रुपये. एवढं स्वस्त बघून हात थांबलाच नाही.

माझं जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पावसाळ्यात शेतकऱ्याची मोटार चालत नाही म्हणून जळत नाही, आणि ती जळत नाही म्हणून मी रिकामा. लहानपणापासून तापीवर गळ टाकतोय. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, कणीक नाहीतर गांडूळ. दोन वर्षांपूर्वी फ्लाय फिशिंगचा नाद लागला. त्यात गळाला वजन नसतं, केस आणि दोऱ्याचं नकली आमिष असतं, आणि ते लांब जातं जाड दोरीच्या वजनावर. हे खाऱ्या, उथळ, पारदर्शक पाण्यात मासा डोळ्यांनी बघून करायचं, अशी इच्छा.

जागा ठरवायला फार डोकं लागलं नाही. बहामा, मेक्सिको, किरिबातीचं ख्रिसमस बेट, सेशेल्स ही या खेळाची मोठी नावं. तिथलं नुसतं विमानभाडं म्हणजे माझं वर्षाचं दुकानभाडं. मालदीवमध्ये भारतीयांना पोहोचल्यावर व्हिसा फुकट मिळतो, मुंबईहून तीनेक तासांचं विमान, आणि रिसॉर्ट सोडून स्थानिक वस्तीच्या बेटांवर साधी गेस्टहाउसं आहेत. बजेट ६०,००० रुपये. गाइड नाही, पॅकेज नाही.

३ ऑगस्ट

कानबाईचे रोट, आमच्या खान्देशातला श्रावणातला सण. सगळं भाऊबंद एका पंगतीला. माझा एक चुलतभाऊ वर्षभर मालेत बांधकामावर होता. त्याला तारीख सांगितली तर घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. "ऑगस्टमा तठे पानी पडस ना भाऊ! हाई कोन्हं सांगं तुले?"

कोणीच सांगितलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. साधारण मे ते ऑक्टोबर तिथे नैऋत्य मोसमी वारा. ढग, पाऊस, हलतं पाणी. ज्या खेळात मासा दिसला तरच आमिष टाकायचं, त्यात ऊन नसेल तर किनाऱ्यावर बसून चहा प्यायचा. कोरडा मोसम डिसेंबर ते एप्रिल. स्वस्त तिकीट स्वस्त का होतं, ते रोट गिळताना कळलं.

तिकीट रद्द. करांचे ८,२०० परत आले, ९,७०० गेले. बायको काही बोलली नाही, फक्त त्या महिन्यात दुधाचा हिशेब दोनदा केला.

१७ ऑगस्ट

तारीख पुन्हा ठरवली, या वेळी उलट बाजूने. आधी पाणी, मग विमान.

उथळ पाण्यात चालत मासेमारी करायची तर पाणी चढ-उताराचं हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला कोकणातले लोक म्हणतात तसा भांग, म्हणजे पाणी जेमतेम हलतं. मालदीवमध्ये उधाणालाही पाणी मीटरभराच्या आसपासच चढतं, त्यामुळे भांगात गेलात तर काहीच नाही. तिथी बघायची सवय आपल्या घरात असतेच, ती इथे कामाला आली.

पहिली निवड होती १७ फेब्रुवारी २०२६ ची अमावास्या. ऊन, कोरडी हवा, उधाण, सगळं जुळलं. तिकिटाचं बटण दाबायच्या आधी, एकदा भाजलेला म्हणून, चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, अमावास्या झाली की रमजान. १८-१९ फेब्रुवारीला सुरू होणार. स्थानिक बेटांवर सगळी वस्ती मुसलमान, दिवसा खानावळी बंद. उपाशीपोटी उन्हात सहा तास पाण्यात उभं राहणं मला जमणार नाही, आणि रोजेदारांसमोर शेव खात फिरणंही बरं नाही.

मग १ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा. ३१ जानेवारी शनिवारी जायचं, ६ फेब्रुवारी शुक्रवारी परत. २४,६०० रुपये. आकडा मोठा वाटतो, पण त्यात मालदीव सोडताना लागणारे दोन कर धरलेले आहेत. इकॉनॉमीच्या परदेशी प्रवाशाला दोन्ही मिळून १०० डॉलर. ते कुठलाच विमानवाला सोडत नाही.

(या तिकिटातही एक चूक होती. ती जानेवारीत सापडली.)

७ सप्टेंबर

काठी आणि रील पुण्याहून, एका हौशी माणसाची वापरलेली. ९ फुटी, आठ नंबरची, चार तुकड्यांची. १३,५०० दोन्हीचे. नवी घेतली असती तर पुढे काहीच उरलं नसतं. रील घेताना एकच गोष्ट बघितली, ब्रेक बंदिस्त आहे का. उघड्या ब्रेकमध्ये मीठ बसतं.

दोरीत मात्र मार खाल्ला. ऑनलाइन १,४५० ची 'आठ नंबर' दोरी मागवली. काठी वाकेच ना. दोरी हवेत ओल्या पंचासारखी लोंबायची. वाटलं माझाच हात वाईट. पंधरा दिवस हाताला दोष दिला.

मग सराफाकडे गेलो. दोरीचा नंबर म्हणजे तिच्या पुढच्या ३० फुटांचं वजन. आठ नंबरला ते २१० ग्रेन, म्हणजे साधारण १३.६ ग्रॅम लागतं. ३० फूट मोजून, तिथे दोऱ्याची खूण बांधून, तेवढीच दोरी काट्याच्या वाटीत गुंडाळून ठेवली, बाकीची वाटीबाहेर माझ्या हातात उचलून धरली. सराफाने काचेचं झाकण लावायचा प्रयत्न केला, दोरी आडवी आली, त्याने पंखा बंद केला. १०.४ ग्रॅम. सहा नंबर. "किती कॅरेट?" म्हणून शेजारच्या गिऱ्हाइकाने विचारलं.

शिवाय ती थंड पाण्याची दोरी. आपल्या उन्हात मऊ पडून काठीच्या कड्यांना चिकटते. खाऱ्या उष्ण पाण्यासाठी कडक गाभ्याची दोरी वेगळी मिळते, तिला ट्रॉपिकल म्हणतात. ती ६,८०० ला आली. काट्यावर १४ ग्रॅम. पहिल्याच दिवशी पाच मीटर लांब गेली, त्याच हाताने.

कोणी मला विचारलं तर सांगेन, पैसे काठीत नका घालू, दोरीत घाला.

५ ऑक्टोबर

आमिषं बांधायला बसलो. इथे धंद्याचा उपयोग झाला. बारीक एनॅमल तार, स्लीव्ह, वार्निश, बाकावरचा वाइस सगळं दुकानातच. वाइसच्या जबड्यात लॉकिंग पक्कड धरायची आणि पकडीत गळ. आर्मेचर गुंडाळणाऱ्याला गळावर दोरा गुंडाळणं म्हणजे काय!

बांधायची दोनच. क्लाऊझर मिनो आणि क्रेझी चार्ली. दोन्हीला मण्यांचे डोळे लागतात, त्यामुळे गळ पाण्यात उलटा राहतो आणि प्रवाळात अडकत नाही. ते डोळे विकतचे महाग. वॉश-बेसिनच्या बुचाला जी गोळ्यांची साखळी असते, ती हार्डवेअरमध्ये ६० रुपयांना मीटरभर मिळाली. दोन-दोन गोळ्या कापायच्या, झाले डोळे. पण स्टीलची आहे का ते लोहचुंबक लावून बघू नका, मी बघितलं आणि फसलो. स्वस्तातलं स्टीलही चिकटत नाही आणि निकेल चढवलेलं पितळही चिकटत नाही. मिठाच्या पाण्यात चार दिवस बुडवून ठेवली, पितळेची हिरवी पडली, स्टीलची राहिली. तीच खरी परीक्षा.

क्लाऊझरला परदेशात हरणाच्या शेपटीचे केस लावतात. आपल्याकडे हरणाचं काहीही बाळगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. मोरपिसाचंही तसंच एक गौडबंगाल. आपोआप गळालेली पिसं घरात ठेवायला हरकत नाही, पण देशाबाहेर न्यायला बंदी. मी मोरपिसाच्या काड्या गुंडाळून आठ सुंदर आमिषं बांधली होती. ती आता दुकानातल्या देवाच्या फोटोशेजारी लटकतात.

पर्याय बोकडाची शेपटी. रविवारी खाटकाकडून दोन आणल्या, एक पांढरी, एक करडी. फुकट. पहिली तशीच गच्चीवर वाळत टाकली आणि मांजराने नेली. दुसरी नीट सोलली, आतलं हाड आणि चरबी काढली, कपडे धुण्याच्या पावडरीत दोनदा धुतली, मीठ लावून तीन दिवस सावलीत वाळवली. तरी पावसाळी दिवशी दुकानात बोकड आल्यासारखं वाटतं. केस मात्र उत्तम. हरणाच्या केसापेक्षा बारीक, पाण्यात जास्त हलतात.

डोक्यावरची गाठ पक्की करायला मोटारीचं वार्निश लावलं. ते भट्टीत भाजल्याशिवाय वाळत नाही हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे, तरी लावलं. चोवीस आमिषं एकमेकांना चिकटली. आता बायकोची नेलपॉलिश.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. बहिणीच्या गावी शाळेच्या मैदानावर सराव. गळाऐवजी लोकरीचा गोंडा. भाचे मीटर मोजायला. बिनवाऱ्याचं १८ मीटर, वाऱ्यावर ११. समुद्रावर वारा असणारच, म्हणजे माझा खरा आकडा ११.

मेव्हण्यांच्या पारावर रोजची चौकशी. "आपली तापीमा मासा नहीत का?" आहेत ना. मरळ आहे, कटला आहे. त्यांना हे समजावत बसलो नाही.

७ डिसेंबर

काकांच्या शेतात कापूस काढून झाला, पऱ्हाट्या कापलेल्या, हरभऱ्याची तयारी. मोकळं रान, खणखणीत वारा. मला वाटलं, याहून चांगली जागा नाही.

पऱ्हाट्यांचे खुंट तिरके कापलेले असतात, भाल्यासारखे. मागची दोरी खाली आली, एका खुंटाला लागली, मी पुढे ओढली. ६,८०० च्या दोरीवर चरा. टोकापासून ११ मीटरवर, बरोबर तिथे जिथे ती बोटांतून जाते. गाभा शाबूत, वरचं आवरण फाटलेलं.

दोन दिवस झोप नाही. मग सुचलं की वरचं आवरण प्लॅस्टिकच आहे, वितळेल. त्या चराडलेल्या जागेवर पारदर्शक हीट-श्रिंक स्लीव्ह चढवायची, गरम हवेच्या गनने दाबायची, आतलं प्लॅस्टिक जुळलं की स्लीव्ह ब्लेडने सोलून टाकायची. आधी जुन्या १,४५० वाल्या दोरीवर तालीम. पहिले तीन तुकडे जळाले, गन नेहमीच्या मोटारीच्या तापमानावर होती. चौथा फुगला. पाचव्याला गन एक वीत लांब धरली, वीस सेकंद, दोरी सारखी फिरवत. जमलं. खऱ्या दोरीवर हात थरथरत होता. आता बोटाला जरासा उंचवटा लागतो, फेकताना अडत नाही.

त्यानंतर सराव फक्त गवतावर.

११ जानेवारी २०२६

गेस्टहाउस. बेटाचं नाव देत नाही. काफू अटोलमधलं (अटोल म्हणजे कड्यासारखा बेटांचा समूह) छोटं बेट आहे, एवढंच. दक्षिणेचं लामू जास्त आवडलं होतं, तिथे गान आणि फोनाधू ही बेटं रस्त्याने जोडलेली आहेत आणि सायकलवर फिरता येतं, पण तिथवरचं देशांतर्गत विमान परवडेना.

खोलीचा भाव ३८ डॉलर, नाश्त्यासह. छान वाटलं. मग बिल मागवलं. त्यावर १० टक्के सेवा आकार, त्यावर १७ टक्के पर्यटन जीएसटी, वर माणशी रोज ६ डॉलर ग्रीन टॅक्स. ३८ चे ५५ झाले. सहा रात्रींचे ३३०. हा हिशेब खोली बघतानाच करा, नंतर नको.

मालकाला लेखी तीन प्रश्न विचारले. किनाऱ्यावरून मासेमारी कुठे चालते? पर्यटकांचा पोहायचा किनारा कुठून कुठे? जवळच्या रिसॉर्टचं पाणी कुठे सुरू होतं? त्याने नकाशावर रेघा मारून पाठवल्या. भला माणूस. त्यानेच शेवटी लिहिलं, "परतीचा शुक्रवार आहे, सरकारी फेरी शुक्रवारी नसते."

हीच ती तिकिटातली चूक. शुक्रवार म्हणजे तिथला सुट्टीचा वार. फेरीला दोन-तीन डॉलर, स्पीडबोटीला २५. तिकीट बदलायला त्याच्या दुप्पट लागले असते, म्हणून स्पीडबोट.

२५ जानेवारी

सामान. काठीचे तुकडे ७० सेंटिमीटरचे, म्हणून ७५ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा नळा, दोन टोप्या, आत फोम. पाइप शेतातला उरलेला, टोप्या आणि फोमचे १९० रुपये. यावर ट्रॅक्टर गेला तरी काठीला काही होणार नाही.

दोरी पाण्यात पसरून प्रवाळात गुंतू नये म्हणून कमरेला टोपली बांधतात. विकतची महाग. भांडी घासायचा चौकोनी प्लॅस्टिक टब, तळाला भोकं, त्यातून केबल टाय उभे ठेवले, शेंड्या चार बोटांवर कापल्या. त्या काट्यांमुळे दोरीचे वेढे एकमेकांत जात नाहीत. पाठीमागून सायकलच्या ट्यूबचा पट्टा. टबाची कड मांडीला कापत होती, म्हणून १६ मिलिमीटरची ठिबकची नळी उभी चिरून कडेवर चढवली. खान्देशात राहून ठिबक नाही वापरलं तर काय!

मालदीवला जाण्याआधीच्या ९६ तासांत इमूगा नावाचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे. शोधल्यावर सगळ्यात वर आलेल्या एका साइटने त्याचे डॉलर मागितले. तेवढ्यापुरता मी शहाणा निघालो.

३१ जानेवारी

रात्री जळगावहून गाडी, पहाटे मुंबई. नळा केबिनमध्ये घेऊन जाईन म्हणत होतो. ७५ सेंटिमीटरचा पाइप केबिनच्या मापात बसत नाही, काउंटरवरच्या मुलीने एका नजरेत सांगितलं. चेक-इनमध्ये गेला. गळ आणि पक्कड आधीच चेक-इनच्या बॅगेत होते, ते बरं झालं.

विमानतळ हुलहुले बेटावर, तिथून पुलावरून बसने माले, मग फेरी. घड्याळ अर्धा तास मागे. भरतीचं वेळापत्रक स्थानिक वेळेत असतं, मोबाइलचं घड्याळ बदललं का ते बघा.

१ फेब्रुवारी

पहिला दिवस, शून्य. पाणी गुडघाभर, काचेसारखं. मासे दिसतच नाहीत. दहा वाजता लक्षात आलं की मी माशाचा आकार शोधतोय, दिसते ती तळावरची सावली. चष्मा पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारा हवाच. (माझा पहिला चष्मा जत्रेतला, 'पोलराइज्ड' लिहिलेला. दुकानातल्या टीव्हीसमोर धरून फिरवला, अंधार झाला नाही, म्हणजे खोटा. दुसरा २,४००.)

२ फेब्रुवारी

सकाळच्या ओहोटीनंतर पाणी चढायला लागलं आणि निळ्या पंखांचे ट्रेव्हली प्रवाळाच्या कडेवरून आत आले, चार-पाच जण, घाईत. वारा उजवीकडून. अकरा मीटर. क्लाऊझर त्यांच्या पुढ्यात पडला, एकाने वळून घेतला. आणि मी काठी वर झटकली.

तीस वर्षांची गळाची सवय. तापीवर तरंडा बुडाला की काठी वर. इथे ते चालत नाही, आमिष माशाच्या तोंडातून सरळ बाहेर येतं. काठी पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने दोरी ओढायची असते. हे मला माहीत होतं. मैदानावर, शेतात, चार महिने फेकायचा सराव केला. ओढायचा एकदाही केला नाही, कारण लोकरीच्या गोंड्याला मासा लागत नाही. भाच्याला दोरीचं टोक धरून पळायला लावलं असतं तरी भागलं असतं.

त्या दिवशी चार गेले. चारही असेच.

३ फेब्रुवारी

उजव्या बुटाचा तळ निघाला. पीटीचे कॅनव्हासचे बूट, ६५० चे. प्रवाळावर दोन दिवस टिकले. टोपलीतले दोन केबल टाय काढून बुटाभोवती आवळले. अनवाणी चालायचा विचारही करू नका, तळाशी दगडासारखे दिसणारे विषारी स्टोनफिश असतात.

मग ट्रिगरफिश. शेपूट पाण्याबाहेर, डोकं खाली, प्रवाळ फोडून खातोय. तीन वेळा आमिषाकडे बघून गेला, चौथ्यांदा घेतलं. या वेळी डाव्या हाताने ओढलं. पाच सेकंद. दोरी मोकळी. गळ बघितला तर चपटा, अडकित्त्यात धरल्यासारखा. स्वस्तातले गळ मी 'थोडे' आणले होते, नेमका तोच बांधलेला.

४ फेब्रुवारी

अजून दोन पर्यटकांबरोबर वाटून होडी, माझे ३० डॉलर, अर्धा दिवस वाळूच्या दांड्यावर. सव्वानऊला पहिला ट्रेव्हली. उजवा हात कोपराशी चिकटवून ठेवला होता, वर जाऊच नये म्हणून. डाव्या हाताला झटका लागला, टोपलीतली दोरी काट्यांवरून सुटत गेली, दुरुस्तीचा उंचवटा बोटाखालून सरकला, कड्यांतून टक्-टक्-टक् करत गेला आणि रील बोलायला लागलं. मासा फार तर आठशे ग्रॅमचा. निळे ठिपके, पंखांवर विजेसारखा निळा रंग, हातात धरल्यावर पाच मिनिटांनी फिका पडेल म्हणून लगेच सोडला. पायापाशी शार्कची पिल्लं घुटमळत होती. तिथे प्रवाळातले शार्क पकडायला २०१० पासून बंदी आहे, ती आली की दोरी उचलून दुसरीकडे जायचं.

५ फेब्रुवारी

अजून दोन ट्रेव्हली, एक छोटा ग्रुपर. सकाळी मास हुनी आणि रोशी. टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची कालवलेलं, सोबत आपल्या चपातीची बहीण. माझ्या दशम्या तिसऱ्या दिवशी संपल्या, शेव उरली. मालकाने ती मास हुनीवर टाकून खाल्ली आणि अजून मागितली.

८ फेब्रुवारी

दुकान उघडलं. दहा मोटारी वाट बघत. रब्बीचा जोर असताना आठ दिवस बंद ठेवलं, तो तोटा हिशेबात धरलेला नाही.

हिशेब : तिकीट २४,६००. खोली ३३० डॉलर. फेरी, स्पीडबोट, होडी, जेवण मिळून १३३ डॉलर. डॉलर ९० ने धरला तर हे सगळं ६६,२७०. काठी-रील, दोन्ही दोऱ्या, गळ-तंगूस, चष्मा, बूट, नळा, टब २९,४८०. गाडी, बस, प्रवास विमा ३,१००. ऑगस्टच्या तिकिटात गेलेले ९,७००. एकूण १,०८,५५०. बजेट ६०,००० होतं. यात पुन्हा जाताना लागणार नाहीत असे साधारण ३९,००० आहेत. बेट तेच ठेवलं तर पुढच्या वेळी शुक्रवार टाळून सत्तरच्या आत बसेल.

रील बेटावर रोज गोड्या पाण्याने धुतलं, तरी आज उघडलं तर बेअरिंगमध्ये मीठ. डिझेलमध्ये रात्रभर ठेवलंय. नाही सुटलं तर छोट्या ग्राइंडरचं एक बेअरिंग मापात बसतंय, ते लावून बघतो.